एक पाहुणा हवा आहे

मुलुंडच्या टोलनाक्यावर छोट्या गाड्यांना टोल माफ झाला, पण सुखनिवास सोसायटीच्या पहिल्या मजल्यावरचा टोल काही बंद झाला नाही. तो उत्तराबाईंचा टोल. फरक एवढाच, की इथे जाणाऱ्याने द्यायचं नसून घ्यायचं असे. दुपारी बाराच्या सुमारास जो कुणी जिन्यावर सापडेल, कुरिअरवाला, सिलिंडर आणणारा, विजेचा मीटर बघायला आलेला, त्याला उत्तराबाई दारात अडवत, हातावर पोळीचा लाडू नाहीतर थालीपीठ ठेवत आणि पहिला घास गिळेपर्यंत त्याला हलू देत नसत. मग आत जाऊन स्वतःचं पान वाढून घेत.

घराबाहेरच्या कुणाच्या तरी मुखी घास पडल्याशिवाय आपण जेवायचं नाही, हा त्यांचा नेम. मुलगा मुकुल मेलबर्नला गेला त्या दिवशी त्यांनी देवापुढे हात जोडून तो घेतला होता. मी इथे परक्याच्या मुलाला घास घालते, तू तिथे माझ्या मुलाला कुणाकडून तरी घाल. देवाशी इतका रोखठोक व्यवहार करताना त्यांना जरा संकोच वाटला होता, पण देवानेही तेव्हा काही हरकत घेतली नाही, आणि नेम सुरू झाला तो एकदाही चुकला नाही. तापात अंथरुणाला खिळल्या होत्या तेव्हासुद्धा तपासायला आलेल्या डॉक्टरांना त्यांनी आधी शिरा खायला लावला होता.

त्यामुळे मुकुलचा फोन आला, की या वर्षी तुम्ही दोघं या, एक राहायची गाडी भाड्याने घेऊ, आपण चौघं समुद्राच्या काठाकाठाने फिरू, गाडीतच झोपू, गाडीतच स्वयंपाक करू, तेव्हा श्यामकांतरावांना आधी ती गाडी दिसली आणि उत्तराबाईंना आधी दुपारचे बारा दिसले. समुद्राच्या काठी जिना कुठला आणि जिन्यावर सापडणार कोण?

श्यामकांतराव विक्रोळीच्या एका कारखान्यातून ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झाले होते. जन्मभर यंत्रांच्या आकृत्या काढल्यामुळे कुठलंही यंत्र आपल्याला आतून कळतं, असा त्यांचा समज होता, आणि तो खोटा ठरवायची संधी ते यंत्रांना वारंवार देत. मुकुल म्हणाला, गाडी मी चालवीन. श्यामकांतराव म्हणाले, आळीपाळीने. स्वतःची लहान मोटार रविवारी नाहूरच्या पुलापर्यंत नेऊन परत आणायची, एवढाच त्यांचा सराव. पण हुरूप असा, की दुसऱ्याच दिवशी ते परदेशात चालणारा परवाना काढायला निघाले. खिडकीतल्या कारकुनाने जुन्या परवान्यावरचा फोटो पाहिला, समोरचं डोकं पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला आणि हे दोघे एकच आहेत याचा पुरावा मागितला. फोटोत केस होते. केस गेल्याचा दाखला कुठे मिळतो, असं श्यामकांतरावांनी विचारलं, आणि ते विचारायला नको होतं. त्यांना परत रांगेच्या शेवटी जावं लागलं. तेवढ्यात बारा वाजले. सोबत आलेल्या उत्तराबाईंनी डबा उघडून शेजारी ताटकळलेल्या एका म्हाताऱ्याला लाडू दिला. योगायोगाने त्याच वेळी श्यामकांतरावांचं नाव पुकारलं गेलं, आणि लाडूनेच काम झालं अशी रांगेतल्या सगळ्यांची समजूत होऊन चार जणांनी हे लाडू मुलुंडात कुठे मिळतात म्हणून चौकशी केली. श्यामकांतरावांना तो अपमान परवाना मिळाल्यावरही बरेच दिवस पुरला.

मोठ्या गाडीचा हात बसावा म्हणून वरच्या मजल्यावरच्या जयवंत परबांनी आपल्या भाच्याचा टेम्पो आणवला. परब मूळचे मालवणकडचे, सल्ला देण्यात त्यांना कसला संकोच नसे. सोसायटीच्या आवारात श्यामकांतरावांनी टेम्पो मागे घेतला, परब 'येऊ दे, येऊ दे' करत राहिले, आणि आवारातली एकमेव पाटी आडवी झाली. 'येथे वाहने लावू नयेत' असं तिच्यावर लिहिलेलं होतं, आणि टेम्पो बंद पडल्यामुळे तो तिच्यावरच दोन दिवस उभा राहिला. सेक्रेटरींनी लेखी खुलासा मागितला. श्यामकांतरावांनी तो आकृतीसह दिला.

नेमाचा प्रश्न मात्र तसाच होता. परबांच्या वनमालाताईंचं म्हणणं, परदेशात नेम लागू होत नाही, पाण्यापलीकडचं देव मोजत नाहीत. गुरुजींना फोन केला तर ते उदार मनाने म्हणाले, देश आणि काळ बघून गाय, कावळा, मुंगी, काहीही चालेल. परब म्हणाले, "वहिनी, थंय कांगारू आसत. तेंकाच घाला. पिशये घेवनच फिरतत ते."

उत्तराबाई हसल्या, पण त्यांचं समाधान झालं नाही. देवापुढे त्यांनी माणूस म्हटलं होतं. समोरच्याची सोय बघून शब्द बदलायचा, तर मग बोललो कशाला?

मेलबर्नच्या विमानतळावरच पहिली ठेच लागली. श्यामकांतरावांनी प्रामाणिकपणे सगळं सामान जाहीर केलं, अगदी सुपारीसुद्धा. हातमोजे घातलेल्या एका तरुण मुलीने मेतकूट, तुळशीची पानं, डिंकाचे लाडू असं एकेक टेबलावर मांडलं. पोरगी दमलेली दिसत होती. उत्तराबाईंनी डब्यातला एक लाडू उचलून तिच्यापुढे धरला. तिने तो घेतला, उजेडात फिरवून बघितला, गोड हसली आणि बाकीच्यांसकट कचऱ्याच्या पेटीत टाकला. श्यामकांतरावांचं मत पडलं, की हातात घेतला म्हणजे पोचला. उत्तराबाई म्हणाल्या, "घास पोटात जायला लागतो." त्या रात्री त्या दूध पिऊन झोपल्या असत्या, पण मुकुलच्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक पंजाबी विद्यार्थी राहत होता. त्याने पराठा खाल्ला, आणि दुसऱ्या दिवसापासून बारा वाजता स्वतःची ताटली घेऊन दारात यायला लागला. चार दिवस निभावलं.

त्या चार दिवसांत उत्तराबाईंनी मुलाचं घर पाहिलं. घर छानच होतं. फ्रीजमध्ये आठवड्याचे डबे ओळीने लावलेले असत. मुकुलची बायको गार्गी इस्पितळात होती, तिच्या पाळ्या बदलत्या. ती आली की तो गेलेला, तो आला की ती झोपलेली. मुकुल मोरीशी उभा राहून, एका हातात फोन धरून, डब्यातलं थंडच खायचा. उत्तराबाईंनी ताट वाढलं तरी दोन घासांनंतर तो उभा राहायचा, सवयीने. व्यवहारातला आपला अर्धा भाग त्यांनी इतकी वर्षं काटेकोर पाळला होता. दुसऱ्या अर्ध्या भागाची चौकशी करावी असं त्यांना कधी सुचलंच नव्हतं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मुकुलच्या कामात काहीतरी बिघडलं आणि गार्गीची पाळी पुन्हा बदलली. मुकुल खाली मान घालून म्हणाला, की गाडीचे पैसे भरलेत, तुम्ही दोघं पुढे व्हा, मी शनिवारी येऊन गाठतो. रस्ता डावीकडूनच आहे, आपल्यासारखाच. श्यामकांतराव ताबडतोब म्हणाले, अर्थात, त्यात काय, तू तुझं काम बघ. मग बाल्कनीत जाऊन ते बराच वेळ समोरच्या इमारतीच्या पाइपांची रचना बघत राहिले.

गाडी म्हणजे चाकांवरची एक खोली होती. पलंग, शेगडी, बेसिन, सगळं एकात एक दुमडलेलं. पलंग उघडला की शेगडी बंद, शेगडी उघडली की दार बंद. उत्तराबाईंनी स्टीलच्या डब्यातले देव पुढच्या काचेशी मांडले. समुद्रकाठचा तो रस्ता वळणांचाच होता, आणि श्यामकांतराव यंत्र आतून ओळखून चालवत असल्यामुळे प्रत्येक वळणाला बाळकृष्णासकट सगळे देव उत्तराबाईंच्या ओटीत येऊन पडत. दुपारपर्यंत त्यांनी देव ओटीतच ठेवले. उजव्या हाताला डोंगर, डाव्या हाताला समुद्र, आणि माणूस कुठेच नाही. वर्सोव्याच्या समुद्राशी त्या लग्नानंतर एकदा गेल्या होत्या, तर तिथे समुद्र बघायला गर्दीतून वाट काढावी लागली होती. इथे समुद्राला बघायला त्या दोघांशिवाय कुणी नव्हतं, आणि एवढ्या मोठ्या पाण्याकडे दोघांनीच बघत राहणं त्यांना जरा उद्धटपणाचं वाटलं.

तंबू आणि गाड्या लावायच्या मैदानावर मात्र माणसं होती. उत्तराबाईंनी थालीपिठं लावली, पदर खोचला आणि शेजारच्या तंबूशी गेल्या. तिथल्या बाईने आधी विचारलं, यात काय काय आहे. उत्तराबाईंनी त्यांच्या इंग्रजीत सांगितलं. शेंगदाण्याचं कूट म्हटल्याबरोबर त्या बाईने आपल्या मुलाला उचललं आणि चार पावलं मागे गेली, जणू उत्तराबाईंनी ताटलीत साप आणला होता. पलीकडच्या जोडप्याला गहू चालत नव्हता. त्यापुढचा दाढीवाला लाटांवर स्वार व्हायची फळी घेऊन समुद्रातून आला होता. तो छातीवर हात ठेवून इतक्या गोड शब्दांत नको म्हणाला, की आपल्याला नकार मिळालाय हे उत्तराबाईंना परत गाडीत आल्यावर कळलं. मुलुंडला आग्रह म्हणजे निदान तीनदा. इथे दुसऱ्यांदा विचारलं, की माणसं घाबरल्यासारखी बघत.

ताटली बाहेरच्या टेबलावर ठेवून त्या पाण्याला गेल्या, तर तुरा असलेला एक पांढरा पोपट येऊन सबंध थालीपीठ उचलून झाडावर गेला. श्यामकांतरावांना आनंद झाला. गुरुजींनी पक्षी चालेल म्हटलंच होतं. तेवढ्यात मैदानाचा रखवालदार आला आणि त्याने खांबावरच्या पाटीकडे बोट केलं. पक्ष्यांना खाऊ घालणं हा तिथे गुन्हा होता. श्यामकांतरावांनी, पक्ष्याने चोरी केली आहे आणि आपणच फिर्यादी आहोत, असं पटवायचा प्रयत्न केला. रखवालदाराने दुसरी पाटी दाखवली, खाणं उघड्यावर ठेवू नये अशी.

उत्तराबाईंनी दोन केळी खाल्ली. दुसऱ्या दिवशीही केळी. श्यामकांतरावांनी जाहीर केलं, की तू जेवणार नसशील तर मीही जेवणार नाही. त्यांचं ते व्रत संध्याकाळपर्यंत टिकलं. मग ते गाडीचं तेलपाणी तपासायला म्हणून पुढच्या सीटवर जाऊन बसले, आणि मधल्या पडद्याआडून बटाट्याच्या वेफर्सचा आवाज ऐकू येत राहिला. उत्तराबाईंनी तो ऐकला नाही असं दाखवलं. संसारात एवढं करावंच लागतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ते मैदान सोडलं तेव्हा मोठी गंमत झाली. गाडी निघाली आणि तंबूंमधून सगळी माणसं बाहेर आली. बाया, पोरं, तो दाढीवाला, सगळे दोन्ही हात हलवत होते, काही जण तर गाडीमागे धावले. उत्तराबाईंनी खिडकीची काच खाली केली. माणसं लाजरी असतात एकेक, शेवटी माया कळतेच. त्यांनीही खिडकीतून हात बाहेर काढून भरभरून निरोप घेतला, घरी या म्हणाल्या, मुलुंड पूर्व म्हणाल्या. फाटकाशी काहीतरी तडकल्याचा आवाज झाला. श्यामकांतरावांनी मुक्कामात गाडीला जोडलेली विजेची वायर खांबावरून काढलीच नव्हती, आणि खांबावरचा डबा वायरीसकट गाडीमागून रांगत येत होता.

भरपाईचा विषय संपेपर्यंत उत्तराबाई ओटीत देव घेऊन बसून राहिल्या. डबा तुटल्याचं त्यांना वाईट वाटलं, पण त्याहून जास्त, आपण हात हलवला त्याचं वाटलं.

आता श्यामकांतरावांनी मोहीम स्वतःच्या हातात घेतली. पुढच्या मुक्कामी ते माणूस शोधायला निघाले आणि अर्ध्या तासात एक घेऊनच आले. नाव बॅरी. सत्तरीचा, एकटा, बायको गेल्यापासून वर्षातले सहा महिने असाच फिरणारा. हो, येतो की जेवायला, असं तो चक्क पहिल्या विचारण्यात म्हणाला होता. उत्तराबाईंच्या अंगात वारं संचारलं. वरणभात, बटाट्याची भाजी, पुऱ्या, आणि दाण्याचं कूट कशातही नाही.

बॅरी ठरल्या वेळी आला. येताना त्याने स्वतःची खुर्ची आणली होती, स्वतःची ताटली, स्वतःचा पेला, स्वतःची बाटली आणि स्वतःच शिजवलेलं मटण. तिकडे बोलावलेला माणूस यजमानावर भार नको म्हणून आपलं आपण घेऊन येतो, हे त्याला सांगावंसंही वाटलं नाही आणि यांना विचारावंसं सुचलं नाही. तो आपल्या खुर्चीत बसला, आपल्या ताटलीत आपलं जेवला, बायकोबद्दल बोलला, समुद्राकडे बघत राहिला, पुन्हा बोलला. उत्तराबाईंना त्याचं इंग्रजी अर्धंच कळत होतं, पण बायकोचं नाव घेताना तो दर वेळी ताटलीत बघतो हे कळलं. त्यांनी पुऱ्या पुढे केल्या. त्याने आनंदाने घेतल्या, डब्यात भरल्या, आणि सकाळी चहाबरोबर खाईन असं वचन दिलं. सकाळी त्याची गाडी तिथे नव्हती.

"खाल्ल्या असतील गं," श्यामकांतराव म्हणाले. "चांगला माणूस होता."

"असतील," उत्तराबाई म्हणाल्या आणि केळं सोललं. सोललेलं केळं त्यांनी न खाताच ताटलीत ठेवलं. श्यामकांतरावांनी ते पाहिलं, आणि या सबंध प्रवासात पहिल्यांदाच त्यांना कुठलंही यंत्र दुरुस्त करायची इच्छा झाली नाही.

शनिवार उजाडला. मुकुल दुपारी येणार होता. उत्तराबाई सकाळपासून त्या वीतभर ओट्याशी उभ्या होत्या. मसालेभात, अळूऐवजी पालकाची पातळ भाजी, काकडीची कोशिंबीर, आणि साखर घालून घट्ट केलेलं दही, कारण लहानपणी त्याला ते लागायचं. श्यामकांतराव दारात बसून सकाळभर एकच गोष्ट वेगवेगळ्या तऱ्हांनी मांडत होते. आज अडचण नाही. मुकुलला आधी वाढ, त्याने घास घेतला की तू जेव.

"तो घरचा आहे," उत्तराबाई म्हणाल्या.

"अगं, वेगळं घर आहे त्याचं. वेगळा देश, वेगळा पासपोर्ट. कायद्याने बघितलं तर..."

"कायद्याने नाही बघायचं. मुकुल घरचा आहे, त्याचं चालत नाही." एवढं बोलून त्या शेगडीकडे वळल्या. त्यांचा आवाज कधी चढत नसे, आत्ताही चढला नाही, आणि श्यामकांतराव काकडीची सालं गोळा करायला लागले.

मुकुल आला तो गाडीच्या पत्र्यावर टकटक करून. दार उघडंच होतं. "येऊ का?" त्याने बाहेरून विचारलं.

बूट त्याने गवतात नीट जोडीने काढले. आत येऊन बाकाच्या कडेवर बसला, गुडघे जुळवून. प्रवास कसा झाला, झोप लागते ना, गाडी त्रास देत नाही ना, असं सगळं त्याने विचारलं. वायरीची हकिगत ऐकून तो खूप हसला आणि श्यामकांतरावही हसले. गार्गीला यायचं होतं, पण जमलं नाही, तिने सॉरी सांगितलंय. मग तो म्हणाला, "आई, पाणी मिळेल का?" माठ नव्हता, पण बाटली त्याच्या हाताशीच होती. उत्तराबाईंनी पेल्यात ओतून दिलं.

ताट वाढल्यावर तो म्हणाला, "कशाला एवढं केलंस?" भात वाढायला गेल्या तर म्हणाला, "थोडाच." दुसऱ्यांदा गेल्या तर त्याने ताटावर आडवा हात धरला. लहानपणी हाच मुलगा पातेल्यात हात घालायचा आणि फटका खायचा. पण तो बसून जेवला, फोन खिशात ठेवून, शेवटपर्यंत. उत्तराबाई शेगडीला टेकून बघत होत्या. एकेक घास त्याच्या तोंडात जाताना दिसत होता. इतकी वर्षं त्या देवाला म्हणत होत्या, कुणाकडून तरी घाल. देवाने घातलेही असतील, हिशेब विचारायची त्यांना सवय नव्हती. आज त्या 'कुणाकडून तरी'मध्ये त्यांची पाळी लागली होती. पहिल्या घासाला त्या सुखावल्या, आणि शेवटच्या घासापर्यंत हळूहळू काहीतरी निराळंच कळत गेलं, जे त्यांना कळून घ्यायचं नव्हतं.

जेवून त्याने स्वतःचं ताट धुऊन, पुसून, जागेवर ठेवलं. "मस्त झालं होतं सगळं. थँक यू, आई," तो म्हणाला. मग घड्याळ बघितलं. उजेड आहे तोवर निघायला हवं, उद्या रविवार असला तरी सकाळी सातला कॉल आहे. दोघांच्या पाया पडला, बूट घातले. उत्तराबाईंनी गार्गीसाठी मसालेभाताचा डबा बांधून दिला आणि गाडीपर्यंत गेल्या.

"पुन्हा ये हं," त्या म्हणाल्या.

हे आपण काय म्हणालो ते त्यांना गाडी वळल्यावर ऐकू आलं. घरच्या माणसाला कुणी पुन्हा ये म्हणत नाही. त्याला म्हणतात, लवकर ये, नाहीतर उशीर करू नको.

त्या आत आल्या, हात धुतले, एक ताट घेतलं आणि त्यात भात वाढला. भाजी वाढली. कोशिंबीर, दही, मीठ, लिंबाची फोड, सगळं जिथल्या तिथे. ताट फळकुटावर ठेवून त्या बसल्या.

श्यामकांतराव दारात उभे होते. सकाळपासून ज्याच्यासाठी त्यांनी एवढी वकिली केली तेच समोर घडत होतं, आणि त्यांचा चेहरा एखाद्या पोरासारखा पडला होता.

"जरा थांबतेस?" ते म्हणाले. "पलीकडे आत्ताच एक गाडी आलीय, म्हातारं जोडपं दिसतंय. मी विचारून येतो. पाच मिनिटं लागतील. गहू नसेल चालत तर भात चालेल त्यांना." ते चपला शोधायला लागले. एक सापडली, दुसरी पलंगाखाली गेली होती, आणि पलंग उघडल्याशिवाय ती निघणार नव्हती.

"अहो, नको," उत्तराबाई म्हणाल्या.

"अगं, विचारायला काय जातंय?"

"बसा तुम्ही. पाहुणा जेवून गेला."

श्यामकांतराव एका पायात चप्पल घालून तसेच उभे राहिले. उत्तराबाईंनी त्यांचंही ताट घेतलं, वाढलं, आपल्या ताटासमोर ठेवलं आणि ते बसेपर्यंत थांबल्या. मग हात जोडले, डोळे मिटून नेहमीचं नाव घेतलं आणि पहिला घास उचलला. भात अजून कोमट होता. इतक्या दिवसांच्या उपासानंतर मीठसुद्धा गोड लागतं, तसा तो लागला, आणि लागला याची त्यांना लाज वाटली. तरी त्या जेवल्या. अर्ध्यावर त्यांनी श्यामकांतरावांना दही वाढलं. त्यांनी ताटावर हात आडवा धरला नाही, उलट ताटच पुढे केलं.